हॅलोबाईंची रेष

"हॅलो, बोला, कोण हवंय?" टेलिफोन ऑफिसात तेहेतीस वर्षं हेच म्हणत काढून निवृत्त झालेल्या हॅलोबाईंना साठी उलटल्यावर ठार बहिरेपण आलं. आणि कान तरी कसला! समोरचा नुसता खोकला तरी सांगायच्या, "हा वखारवाला. आता त्याची बायको फोन करेल. दोघं एकमेकांची चौकशी माझ्याकडेच करतात!" त्याच कानाला आता दारावरची थाप कळेना.

लेक परगावी नोकरीला. त्यानं दाराशी माइक बसवून हॉलमधल्या दिव्याला जोडला आणि टॅबवर आलेख दाखवला. "आडवा आवाज, उभा उजेड. जेवढा आवाज, तेवढा उजेड. ही त्यांची रेष."

"आधी मिशी काप. ओठ दिसल्याशिवाय कळणार काय, कप्पाळ?"

त्यानं सगळं कागदावर लिहून दिलं.

रेष सरळ होती, म्हणून अख्खा जिना दिवसभर दिव्यात चढायचा-उतरायचा. शेजारीण चपला फरफटवत गेली की मिणमिण. वरची जुळी पोरं उड्या मारत उतरली की भकभक. "निघाली बया बाजाराला," म्हणत बाई तिच्यासारखी मान वाकडी करून दाखवायच्या. कुणाला, ते विचारू नका. मग उठून दार उघडायच्या. शेजारीण दिसायचीही, बहुतेकदा तिची पाठ.

पुढच्या खेपेला लेकानं नोंदी पाहिल्या नि डोक्याला हात लावला. "दिवसात दोनशे वेळा? आणि दर वेळी उठतेस? गुडघ्यांची वाट लागेल, आई!" त्यानं रेष अर्ध्याच्या पुढपर्यंत तळाला चिकटवली, मग एकदम उभी केली. कागदावर लिहिलं, 'आता खरंच दार वाजलं तरच दिवा लागेल.'

तो गेला. सोमवारी दिवा लागला नाही. मंगळवारी नाही. बुधवारी बाईंनी बाहेर उभं राहून आपलंच उघडं दार ठोकलं. दिवा लख्ख लागला. म्हणजे बिघाड नव्हता. खरंच कुणी येत नव्हतं.

गुरुवारी त्यांनी चष्मा चढवून टॅब उघडला. रेषेच्या दोन्ही टोकांना ठिपके होते, त्यातला डावीकडचा जरासा उचलायचा होता. तो बोटाबरोबर सुसाट वर गेला. त्याला खाली आणायला गेल्या, तर हाती उजवीकडचा लागला आणि तळाशी जाऊन आपटला. घाबरून त्यांनी 'सेव्ह' दाबलं. दिवा लागला. लागलेलाच राहिला.

तासाभरात लेकाचा मेसेज आला. 'आई, काय केलंस? रेष उलटी झालीये! कुणी नसलं की दिवा चालू, कुणी आलं की बंद. थांब, इथूनच सरळ करतो.'

'हात लावून बघ. तुझे सगळे उद्योग उलटे होते, मी केले का सरळ?'

'अगं, पण कुणी आलेलं कळणार कसं?'

'विझला की कळेल. काळोख बघत बसण्यापेक्षा बरं.'

संध्याकाळी दिवा विझला.

"आले, आले हं!" बाई ओरडल्या आणि गुडघे धरून उठल्या. चार पावलं टाकतात तोच मागून पुन्हा उजेड पडला. तरी त्यांनी दार उघडलं. खालच्या वळणावर कठड्यावरून सरकणारा एक चिमुकला हात तेवढा दिसला.

"सावकाश रे, पडाल!" बाईंनी जिन्यात आवाज टाकला, आणि उत्तराची वाट पाहत तशाच उभ्या राहिल्या.