वाघ नव्हता

बेल्ह्याच्या बाजारात दावी, कासरे आणि घुंगुरमाळांच्या शेजारी आता कुत्र्यांचे खिळ्यांचे पट्टेही टांगलेले असतात. बिबट्या गळाच धरतो, म्हणून खिळे बाहेरच्या बाजूला. काल नव्या चामड्याचा तो उग्र वास नाकात शिरला आणि बाजार करायचा सोडून मी तशीच उभी राहिले. राजुरीला आमच्या मळ्यातल्या कुत्र्याच्या गळ्यात असाच पट्टा होता.

कुत्रा माझ्या थोरल्या भावाचा. भाकरी मी घातली तरी शेपूट हलायची ती दादासाठी, आणि दादाचाही घरातल्या माणसांपेक्षा त्याच्या भुंकण्यावर अधिक भरवसा. आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात, आणि वाघ उसात आहे की नाही, हे कुत्रा सांगेल तेच खरं. त्या हिवाळ्यात तो गोठ्यात सारखे डावीकडे वळत फेरे घालू लागला. दिवस कलला की कोपऱ्यातल्या भिंतीला डोकं टेकून उभा राही, भुंके, कण्हे. दादा कौतुकानं म्हणायचा, "लई हुशार हाय. भिंतीपल्याड वाघ हाय, त्याला बरुबर कळतंय." मग शेळ्या लवकर कोंडल्या जात, कुत्र्याच्या पाठीवर शाबासकीची थाप पडे. उसात एकही ठसा सापडला नाही, तरी दोन महिने आम्ही त्याच्या राखणीवर खूश होतो. त्या थापांची मला आजही लाज वाटते.

एके सकाळी तो अंगणात आडवा पडून पाय झाडू लागला, तोंडाला फेस आला. तालुक्याच्या डॉक्टरांनी पुण्याला नेऊन मेंदूचा एमआरआय करायला सांगितलं. त्या यंत्रातलं चुंबक लोखंड ओढतं, म्हणून तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी पट्टा काढायला लावला. सात वर्षांत प्रथमच त्याची मान उघडी दिसली. केस झडून नुसती पांढुरकी कातडी उरली होती. हलू नये म्हणून त्याला भूल दिली. काचेपलीकडे यंत्र ठकठक वाजत होतं आणि दादा, बसा म्हटलं तरी, उभाच होता.

पडद्यावर मेंदूचे करडे काप उमटले. डाव्या कपाळामागे बोराएवढा पांढरा डाग. "ही गाठ," बाई म्हणाल्या. "ती डावीकडे आहे, म्हणून तो डावीकडेच फिरतो. मेंदूवर दाब आलाय, म्हणून डोकं भिंतीला लावतो. दुखतही असणार. आता शस्त्रक्रियेला उशीर झालाय."

दादा पडद्याकडे बघत राहिला. "म्हंजी, वाघ व्हताच न्हाई?"

"नाही."

"मंग ते भुकत व्हतं ते..."

तिसऱ्या दिवशी मळ्यातच, दादाच्या मांडीवर, त्याला शेवटचं इंजेक्शन दिलं.

या गोष्टीला आता चार वर्षं झाली. गोठ्यात दुसरा कुत्रा आहे. तो भुंकला की शेजारपाजारचे काठ्या घेऊन उसाकडे धावतात. दादा आधी कुत्र्यापाशी बसतो, त्याचं डोकं दोन्ही हातांत धरतो आणि विचारतो, "काय व्हतंय रं तुला?" एखाद्या दिवशी वाघ खरंच आलेला असेल आणि दादा उसाकडे पाठ करून बसलेला असेल, ही भीती मी त्याला अजून बोलून दाखवलेली नाही.