पाठ फिरवून बसणारा फिटर

“मॅडम, तुम्ही पण तिकडं तोंड करून बसा,” प्रल्हाद म्हणाला आणि स्वतः कंट्रोलरच्या डब्याकडे पाठ करून खाटेवर टेकला. हातात चहाची कपबशी. बऱ्हाणपूरजवळच्या निंबोल्यातली केळीची बाग, मे महिना, रणरणतं ऊन. मला गप्प बसवणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं आई म्हणते. पण मी बसले बाई गप्प.

मी पुण्यातल्या एका ठिबक सिंचनाच्या कंपनीत यूजेबिलिटी बघते. म्हणजे वस्तू ज्याच्या हातात जाणार, त्याला ती न अडखळता चालवता येते का, ते तपासायचं. एके काळी या कामाचा केवढा थाट होता! सेमिनार काय, पलीकडून गुपचूप बघता येईल असा आरसा लावलेली टेस्ट रूम काय! मग हळूहळू सगळं आटलं. विभागात मी आणि एक सहकारी, दोघंच उरलो.

डायरेक्टर साहेब म्हणाले, “आता कुणाला इंटरेस्ट नाही हो त्यात. बऱ्हाणपूरला तुमची टीम कधी गेलीच नाही, तरी तिथून एकही तक्रार येत नाही. मग तुमची गरज काय? जाऊन बघा. आलात की विभाग ठेवायचा की बंद करायचा, ते ठरवू.”

मला झोंबलं. बऱ्हाणपूर माझं माहेर. तक्रार नाही, म्हणजे लोकांनी डबे गुंडाळून ठेवले असणार! तसा रिपोर्ट मनात लिहूनच मी गाडीत बसले.

प्रल्हाद हा आमच्या तिथल्या डीलरचा फिटर. बाग सुमनकाकूंची. काका ऑपरेशनसाठी इंदूरला, त्यामुळे पाण्याचं सगळं काकूंवर आलेलं. कंट्रोलर म्हणजे बागेच्या एकेका भागाला ठरल्या वेळी पाणी सोडणारा डबा. असल्या उन्हात कोवळ्या केळीचं पाणी चुकलं की पानं करपलीच. प्रल्हादने एकदा सगळं दाखवलं.

“समजलं, समजलं,” काकू म्हणाल्या.

“मग लावा काकू, आत्ताचीच वेळ. मी नाही बघत.”

मागे बटणं टिकटिकली. थांबली. पुन्हा टिकटिकली. माझी जीभ वळवळायला लागली. वापरणाऱ्याला मदत करायची नाही, हा आमच्या कामातला पहिला नियम. मी तो वर्षानुवर्षं शिकवला आणि स्वतः दर वेळी मोडला. प्रल्हाद मात्र शांतपणे चहा पीत होता. खट्! झाकण लागलं.

“पाणी आलं का काकू?”

“येईल की.”

नाही आलं. प्रल्हाद हलला नाही. जरा वेळाने काकूच डब्याकडे परतल्या. “अगं बाई! हिरवं दाबायचं राह्यलं!” हिरवं बटण दाबल्याशिवाय वेळ सेव्ह होत नाही. त्यांनी ते दाबलं आणि नळ्यांतून पाणी सुटलं.

“मला आधीच कळलं होतं,” प्रल्हाद हळूच म्हणाला. “हिरव्याचा लंबा बीप वाजलाच नाही.”

“मग सांगितलं का नाही?”

“सांगितलं असतं, तर काकू ‘समजलं’ म्हणाल्या असत्या. मॅडम, आपले लोक ‘नाही समजलं’ म्हणतच नाहीत. चाय पाजतात अन् ‘समजलं’ म्हणतात. एकदा या हिरव्या बटणापायी भर उन्हात तुकईथडला परत जावं लागलं. तेव्हापासून आपला कायदा. मालक कोणी पण असो, पाणी जो सोडणार त्यानं माझ्या पाठीमागं चालवलं, तरच डबा बसवल्याच्या फॉर्मवर माझी सही.”

मग त्याने पेन काढलं. “काकू, झाकणावर काय लिहू?”

“लिही, ‘सुमन, हिरवं दाबलं का?’”

दिवसभर त्याने मला बागा दाखवल्या. प्रत्येक झाकणाच्या आत वेगळं वाक्य, त्या त्या माणसाच्या तोंडचं. इच्छापूरच्या एका आजोबांच्या डब्यात नुसतं ‘नाना, हिरवं!’ आणि डबे सगळे चालू. मला भरून आलं. काय माणूस आहे! यूजेबिलिटी हा शब्दही त्याने कधी ऐकला नव्हता. आमचं काम मेलं म्हणून मी सुतक धरून बसले होते, आणि ते इथे सुखाने नांदत होतं.

“मग? ठेवायचा की बंद?” पुण्यात परतल्यावर साहेबांनी विचारलं.

“विभाग बंद करा. पण प्रल्हादचा कायदा सगळ्या फिटरांना लावा. आणि हिरवं दाबल्याशिवाय झाकण लागणारच नाही, असा डबा बनवा.”

“अन् तुम्ही काय करणार?”

“फिटरांना पाठ फिरवायला शिकवणार.”

विभागाची पाटी उतरली तेव्हा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? फिटरांचा पहिला वर्ग बऱ्हाणपुरातच घेतला. टेबलावर कंट्रोलर ठेवून तासभर बोलले. शेवटी विचारलं, “समजलं का?”

“समजलं मॅडम!” सगळे एका सुरात.

मागे बसलेला प्रल्हाद गालात हसला. मी खुर्ची फिरवली, भिंतीकडे तोंड करून बसले आणि म्हटलं, “लावा.”