कॅनव्हासची जाडी

कुठलीही वस्तू हातात आली की वहिनी ती आधी आडवी धरायची, एक डोळा मिटायची आणि तिची कड बघायची. मग ते बिस्किट असो, कुणाची लग्नपत्रिका असो, नाहीतर माझ्या दुकानातली साडीची घडी. बघून झालं की मान हलवायची. "समोरून काय ताई, सगळंच चांगलं दिसते. जाडी पाहा लागते."

प्रताप नगरात माझं फॉल-पिकोचं दुकान आहे. त्याला काटकोनात लागून एक फोटो स्टुडिओ. तो वहिनीच्या भासऱ्यांचा, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाचा. नवरा होता तोवर कॉम्प्युटरवर तोच बसायचा. तो अचानक गेला, आणि "माणूस मिळेपर्यंत बस" म्हणून वहिनीला वरच्या मजल्यावरून खाली आणून बसवलं. माणूस काही मिळाला नाही. मिळणार कसा? शोधलाच कोणी!

तिची केबिन प्लायवूडची होती. खिडकी नाही, वर एक ट्यूबलाइट. दार आत उघडायचं आणि तिच्या खुर्चीला अडायचं. बाहेर यायचं तर खुर्ची टेबलाखाली सरकवा, पोट आत ओढा, मग दार उघडा. मी एकदा चिडून म्हटलं, "अवं, सुताराले सांगून दार बाहेर उघडणारं करून घे ना!" तर म्हणे, "सांगतलं होतं. भाऊजी म्हणाले सीझन होऊ दे."

सीझन कधी संपतो का हो फोटोवाल्याचा? लग्नं संपली की बारशी, बारशी संपली की गेलेल्या माणसांचे फोटो.

तिचा हात बसला होता कॅनव्हासवर. साध्या सपाट फोटोला ती कॉम्प्युटरवर असं करायची की जाड लाकडी चौकटीवर ताणलेलं कापड भिंतीवर टांगलंय असंच वाटावं. फोटोची कड ओढून मागं वळवायची, वळलेली बाजू जरा काळसर करायची, खाली हलकी सावली टाकायची. मग ते चित्र एका तयार खोलीत लावून गिऱ्हाइकाला मोबाइलवर पाठवायची. गिऱ्हाइकाला पसंत पडलं की शहराबाहेरच्या वाडी भागातल्या प्रेसमध्ये खरं छापून, खऱ्या चौकटीवर ठोकून यायचं.

ती कॉम्प्युटरमधली खोली मला अजून आठवते. पिवळा सोफा, कुंडीत झाड आणि डावीकडं ही मोठी खिडकी. अर्ध्या प्रताप नगराचे आजी-आजोबा त्या सोफ्याच्या वर लटकून गेले असतील. "उजेड डावीकडून येते, म्हणून सावली उजवीकडं टाकाची," असं मला समजावायची. एकदा बोलता बोलता थांबली आणि म्हणाली, "ताई, दिवसभर मी याच खोलीत राहतो असं वाटते मले. पण बसाले काही भेटत नाही त्या सोफ्यावर." आणि हसली. मला काही हसू आलं नाही.

एकदा मात्र पोट धरून हसलो आम्ही. सुरुवातीचे दिवस होते. मनीषनगरच्या एका घरचा मोठा फोटो होता, आणि वहिनी कडेला जागा सोडायला विसरली. कापड मागं वळलं तेव्हा कडेला उभी असलेली त्यांची मावशी अर्धी समोर राहिली, अर्धी बाजूवर गेली. मावशी स्वतः आली भांडायला. "माहं अर्धं तोंड कुठी नेलं वं? एका डोळ्यानं पाहू का मी पाहुण्यायले?" वहिनीनं हात जोडले आणि दुसरा करून दिला. तेव्हापासून कडेच्या माणसाला ती फार जपायची. "घरात कडेलाच उभं राहते, तं फोटोत तरी आत घ्या लागते त्याले."

तिचा एक दोष होता, आणि तो दोषच म्हणते मी. कोणी काही विचारलं की ती थांबायची. खांद्याला पर्स लावून निघालेली असायची, चप्पल पायात असायची. कोणी विचारायचं, "वहिनी, येवढं एक करून देता का?" की पर्स परत खुंटीला. माहेरी जायचं ठरलं तर जाऊबाई विचारायची, "मंग स्वयंपाकाचं कसं?" की माहेर रद्द. मी भडकायचे. "तोंड आहे ना तुले? नाही म्हण ना एकदा!" ती म्हणायची, "विचारते ना ताई माणूस प्रेमानं. विचारल्यावर कसं जाव?"

आणि प्रेम होतं हो, तेच तर. तिचे सासरे, आम्ही त्यांना बाबाजी म्हणायचो, रोज दुपारी वरून स्वतः दोन कप चहा घेऊन उतरायचे. एक तिला, एक स्वतःला. केबिनच्या दारातच स्टूल टाकून बसायचे आणि बशीत ओतून भुरकायचे. मुलगा गेल्यावर म्हाताऱ्याचा सगळा जीव या सुनेत. पण बसायचे कुठं, तर दारात! चहा संपेपर्यंत ती उठणार म्हटलं तरी जागा नाही. मला मशीनवरून ते दिसायचं आणि माझाच श्वास कोंडायचा.

मागच्या वर्षी वाडीच्या प्रेसवाल्यांनी तिला विचारलं, आमच्याकडं येता का कामाला? तिथंच एक खोलीही भाड्यानं पाहून देतो म्हणाले. फोनवर बोलता बोलता त्यांना तिचं काम कळलं होतं. ही बातमी सांगायला ती धावतच माझ्या दुकानात आली.

"अवं, गोडाऊनची वस्ती थे. दिवसभर ट्रक. काय ठेवलंय तिथं?" मी म्हटलं.

"मोठं शटर आहे म्हणे ताई. दिवसभर उघडं राहते. रस्ता दिसते बसल्या जागेवरून."

घरात तिनं सांगितलं. कोणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. भासरे म्हणाले, "जा ना, पण बाबाची पंचाहत्तरी होऊ दे." जाऊबाई म्हणाली, "तुमच्याबिगर कसं व्हाचं?" आणि वहिनी परत खुर्चीवर. प्रेसवाले म्हणाले, एवढा महिना वाट पाहू, मग दुसरं कोणी घेऊ.

पंचाहत्तरीसाठी भासऱ्यांनी सगळ्या खानदानाचा फोटो काढवला आणि मोठा कॅनव्हास करायला सांगितला. काम अर्थातच वहिनीकडं. एके दुपारी तिनं मला केबिनमध्ये बोलावलं. स्क्रीनवर सगळं कुटुंब होतं, मधोमध बाबाजी. मी शोधलं. "तू कुठी आहे यात?"

तिनं माउस फिरवला, कॅनव्हास वळला, आणि उजव्या बाजूच्या जाडीवर वहिनी उभी! डोक्यापासून पायापर्यंत. मूळ फोटोत ती कडेलाच होती. स्वतःला आणखी थोडं सरकवून तिनं बाजूवर घेतलं होतं, आणि प्रेसला सगळ्यात जाड चौकट सांगितली होती.

"हे काय वेड्यासारखं करून राहिली?"

"भाऊजीनं मोबाइलवर पाह्यलं. मस्त म्हणाले." मग ती एकदम हळू बोलली. "ताई, पंचाहत्तरीच्या दिवशी घरातल्या कोणी एकानं जरी विचारलं ना, का तू कुठी आहे, तं मी जात नाही. राहतो इथंच, जन्मभर. नाही विचारलं तं जातो."

विचारलं तरी वाईट, न विचारलं तरी वाईट.

पंचाहत्तरीला दुकानांसमोर मांडव घातला. स्टुडिओच्या व्हरांड्याच्या भिंतीवर कॅनव्हास लागला. लोक येत होते, वाहवा करत होते, त्याच्यासमोर उभं राहून सेल्फी काढत होते. वहिनी सांबारवडीचा, म्हणजे आमच्याकडच्या कोथिंबिरीच्या वडीचा, ट्रे घेऊन फिरत होती. एका पाहुण्यानं विचारलं, "सारे आले ना गा यात?" भासरे छाती फुगवून म्हणाले, "सारेच्या सारे!" वहिनी त्यांच्या शेजारीच उभी होती. तिनं पाहुण्याला वडी दिली.

मग बाबाजी उठले. काठी टेकत आले, चष्मा वर केला आणि कितीतरी वेळ समोरून एकेक तोंड बघत राहिले. तिथून सरकत सरकत उजव्या टोकाला गेले. चौकटीवर हात ठेवला आणि मान वाकडी केली. वहिनी ट्रे धरून जागच्या जागी उभी. म्हाताऱ्यानं मान सरळ केली आणि म्हणाले, "चौकट मजबूत आहे." आणि आणखी एक वडी मागितली.

वहिनीनं माझ्याकडं पाहिलं. "झालं ताई," एवढंच बोलली. मला तिच्यासाठी आनंद व्हायला हवा होता. पण त्या म्हाताऱ्याचा असा राग आला मला, की मी जेवलेच नाही.

चार दिवसांनी ती निघाली. भासरे म्हणत होते, "दिवाळी तरी होऊ दे." ती म्हणाली, "माणूस पाहा भाऊजी." पर्स, एक बॅग, पायात चप्पल. दारात बाबाजी होते. मला वाटलं, बसले आता स्टूल टाकून. पण स्टूल त्यांच्या हातातच होतं. ते बाजूला सरकले. वहिनी पाया पडली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ऑटो गेला.

एवढी वर्षं न सापडलेला माणूस भासऱ्यांना आठवड्यात सापडला. केबिनचं दारही आता बाहेर उघडतं. नवीन माणूस म्हणाला, नाहीतर मी बसत नाही.

कॅनव्हास तिथंच आहे. गिऱ्हाइकं समोरून बघतात आणि तसाच करून मागतात. आमचे गाळे काटकोनात, त्यामुळे मला मशीनवरून समोरची बाजू दिसतच नाही, फक्त जाडी दिसते. फॉल लावताना मान वर केली की वहिनी.

एक दिवस दुपारी बाबाजी चहा घेऊन उतरले आणि स्टूल थेट माझ्या दुकानाच्या उंबऱ्याशी टाकलं.

"बाबाजी, इथं काहून बसले? ऊन येते ना."

"इथून सूनबाई दिसते," ते म्हणाले.

माझी सुई थांबली. "तुमाले कधी दिसली?"

"त्याच दिवशी पाह्यलं मी, हात लावला तवा."

"मंग बोलले काहून नाही?" मी जवळजवळ ओरडलेच.

त्यांनी चहा बशीत ओतला, पण प्यायले नाहीत. "विचारलं असतं तं थांबली असती वं थे."

सवयीनं त्यांनी दोन कप आणले होते. दुसरा त्यांनी माझ्यापुढं सरकवला.