खरोसा लेणी, एक रविवार आणि दोन वर्षांची कळ

गुरुवारी संध्याकाळी लातूरहून लेकीचा फोन आला. "पप्पा, मला इथं नाही राहायचं. घरी यायचंय." एवढं बोलून तिनं फोन आईकडं दिला. प्रज्ञा अकरावीत आहे, डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करते. तिला दोन वेळा गरम खायला मिळावं म्हणून उज्ज्वलानं, म्हणजे माझ्या बायकोनं, नांदेडच्या शाळेतली नोकरी सोडली आणि ती लातुरात एका खोलीत लेकीसोबत राहते. आमच्याकडं आता ही रीतच पडलीय, आई आणि लेकरू लातुरात, बाप नोकरीच्या गावी. उज्ज्वला म्हणाली, "अहो, रविवारी या. कुठंतरी फिरवून आणू तिला. नाहीतर सरळ घेऊनच जा." म्हणून ही सहल. खरोसा लेण्यांची माहिती शोधत इथवर आला असाल तर ती मिळेल, पण सोबत माझं रडगाणंही ऐकावं लागेल.

नांदेडहून पहाटेची एसटी धरा. लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला पोचायला साडेतीन-चार तास लागतात. डावीकडची खिडकी घेऊ नका, सगळं ऊन त्याच बाजूला असतं. लोह्याला गाडी थांबली तेव्हा चहा बरा मिळाला, पण तो पिईपर्यंत मला तीन फोन. मी मुदखेडजवळ पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात अभियंता आहे. आमच्यात रजा माणसाला मिळते, त्याच्या फोनला मिळत नाही. कुठं मोटार जळालेली, कुठं पाण्याचा व्हॉल्व्ह खोलणारा गायब. शेजारच्या सीटवरचे म्हातारबाबा शेवटी म्हणाले, "सायेब, गावाला जाऊन राहिले का हापिसात बसले?"

लातूरला दिवसभरासाठी गाडी ठरवली, डिझेलसकट अडीच हजार. चालक रशीदभाई, साठीचे. प्रज्ञा मागं बसली आणि औसा यायच्या आत झोपली, तोंड उघडं, ओढणी खाली लोळत. मी तिला औशाचा किल्ला दाखवायला उठवणार, तर रशीदभाई म्हणाले, "ऱ्हाऊ द्या साब. त्या क्लासच्या गल्लीतली सगळी लेकरं गाडीत बसली की अशीच झोपतेत. मी लेणी दाखवायला नेतो, ते झोप घेऊन वापस येतेत."

खरोसा औशाच्या पुढं, निलंग्याच्या रस्त्याला आहे. जांभ्या दगडाच्या टेकडीत कोरलेली लेणी, झिजलेली, पण जवळ गेलं की शिव-पार्वती दिसतात, नरसिंह दिसतो. एका लेण्यात बुद्धमूर्ती आहे. पाणी सोबत घ्या, वर सावली नाही आणि दुकानही नाही. प्रज्ञानं बुद्धाला वंदन केलं आणि तिथंच भिंतीला टेकून बसली. दगड गार होता. आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मी नेलेली अर्धापूरची केळी काढली.

"आपण तिघं शेवटचं कधी एकत्र जेवलो?" तिनं विचारलं. उज्ज्वलाला आठवेना. मलाही नाही.

सांगतो, मी घरून ठरवूनच निघालो होतो की तिला म्हणायचं, बॅग भर, चल घरी. ओठावर आलंही होतं. तेवढ्यात वरच्या साहेबांचा फोन. एका गावाला चार दिवस पाणी नाही, ठेकेदार फोन उचलेना. लेण्यात आवाज तुटत होता, म्हणून टेकडीच्या कडेला उन्हात उभं राहून एकेकाच्या विनवण्या करत बसलो. परत आलो तेव्हा डबे आवरून झाले होते. ही नोकरी आहे म्हणून त्या दोघी तिथं आहेत, आणि नोकरी आहे म्हणूनच मी त्यांच्यात नाही. मग मी तिला तेच सांगितलं जे सगळे बाप सांगतात.

"बाळा, दोन वर्षं कळ काढ. मग आयुष्यभर आराम."

ती चिडली नाही. "तुम्हालाबी आबांनी हेच सांगितलं होतं ना?"

"हो."

"मग तुमचा आराम कधी सुरू होणार?"

उज्ज्वला माझ्याकडं बघत राहिली. मी हसलो. हसण्यासारखं काही नव्हतं.

परतीत औशाच्या अलीकडं धाब्यावर पिठलं-भाकरी खाल्ली, ठेचा झणझणीत. प्रज्ञा पुन्हा झोपली. खोलीवर पोचल्यावर तीच म्हणाली, "जा पप्पा, बस चुकंल. मला उद्या टेस्ट हाय." बॅग खाटेखाली होती, मला दिसत होती. तिला घरी नेऊन देणार काय होतो मी? संध्याकाळी कुलूप उघडणारा, फोन कानाला लावलेला बाप. नांदेडला उतरलो तेव्हा मला स्वतःची किळस आली होती.

सोमवारी कार्यालयात आमचे लिपिक जोंधळे पेढा घेऊन आले, मुलीला सहामाहीत चांगले गुण पडले म्हणून. टेबलाशी रेंगाळत म्हणाले, "पोरगी दहावीला हाय साहेब. पुढल्या वर्षी लातूरला ठिवावी का? आईला सोडून कधी ऱ्हायली न्हाई ती. तुमी तर कालच जाऊन आलात. खरं सांगा."

त्यांच्या हातातला पेढा मी घेतला. फोन वाजत होता.

"ठेवा," मी म्हणालो. "दोनच वर्षांची तर कळ हाय."