सरांचं बेंझिन

सर फळ्यावर बेंझिनचा षटकोन काढायचे, एक सोडून एक बाजूला दुहेरी रेषा द्यायचे आणि लगेच त्या जादा रेषांवरून तळहात फिरवायचे. खडू आतल्या आत गोल पसरायचा.

“आता सांगा, हे इलेक्ट्रॉन कुणाचे?”

“सगळ्यांचे!”

“म्हणून हे पोरगं शांत. उगाच कुणाच्या वाटेला जात नाही.”

रेणूंबद्दल घरच्या माणसांसारखं बोलणारे असे शिक्षक तुम्हीही पाहिले असतील. आमचे सर महाडचे. मी पोलादपूरकडच्या वाडीतला, घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. प्रश्न विचारायची भीती वाटायची. त्या दुहेरी रेषा दोन प्रकारे काढता येतात. त्यातलं खरं चित्र कोणतं, तेच मला कळत नव्हतं. एकदा धीर करून म्हणालो, “सर, ते आधी असं असतं, मग तसं होतं, परत असं...”

“म्हणजे महाड-पोलादपूर एसटी?”

वर्ग हसला. सर माझ्या बाकाशी आले. “अरे, बेंझिन ह्या चित्रातही नाही आणि त्या चित्रातही नाही. आपल्याला एका चित्रात पकडता येत नाही, म्हणून आपण दोन काढतो. ते बिचारं कायम एकाच रूपात. इलेक्ट्रॉन सहाही कार्बनांवर पसरलेले. दोघा-दोघांत अडकून राहिले असते, तर ते इतकं टिकाऊ झालंच नसतं.”

तरी त्या वर्षी माझं प्रॅक्टिकल राहिलं. बाबांनी बिरवाडीच्या ठेकेदाराला सांगून ठेवलं, पुन्हा नापास झाला तर पोरगा तुमच्याकडे कामाला.

दुसऱ्या वेळी प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक होते. त्यांनी दोन्ही चित्रं काढून विचारलं, “ही एकमेकांत किती वेगाने बदलतात?”

सर शेजारीच बसले होते, पण नियमाने त्यांना मध्ये बोलता येत नव्हतं. पेनाचं टोपण काढत होते, लावत होते.

“बदलत नाय, सर.” घरची बोली तोंडातून निसटली. “बदलतच नाय. रूप एकच हाय.”

“मग दोन कशाला काढता?”

मी सांगितलं. अडखळत, पण सगळं.

बाहेर आल्यावर सर म्हणाले, “घाम पूस. मलाही फुटला होता.”

निकाल लागला तेव्हा सर निवृत्त होऊन मुलीकडे पुण्याला गेले होते. फोन लावला, तर ते भाजी घेत होते.

“सर, पास झालो. बाबांनी ठेकेदाराला नको म्हणून कळवलं.”

सर बोलले, पण माझ्याशी नव्हे. “अरे, आमचा मुलगा पास झाला!”

“कितवीला हाय?” भाजीवाल्याने विचारलं.

“ते राहू दे रे,” सर म्हणाले, “तू मेथीची एक जुडी जास्त घाल.”