कपाटाआड गेलेली पाठवणी

आमच्या बँडच्या गाडीवर ‘जाझ बँड’ असं रंगवलेलं आहे. जाझ म्हणजे काय, ते आमच्यातल्या कुणालाच ठाऊक नाही. पेंटरने कुठल्याशा जुन्या पाटीवर तो शब्द पाहिला होता, आणि जागा रिकामी दिसते म्हणून आमच्या गळ्यात बांधला. मी या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो. छाती फुटेस्तोवर फुंकतो, आणि लोक विचारतात, सॅक्सोफोनवाला कुठाय?

तो मागच्या दिवाळीनंतर वारला. तापीकाठच्या प्रकाशा गावचा होता. जिवंतपणी त्याने मला फार जाळलं. सगळी वरात मी ओढायची, आणि पाठवणीला हा शांतपणे पुढे येऊन एक संथ सूर काढायचा. बायका पदर तोंडाला लावायच्या, नवरीचा बाप याच्याच गळ्यात पडायचा. आम्हाला हुकूम एवढाच, की एक स्वर धरून ठेवा, मध्ये येऊ नका. आम्ही तो स्वर धरून चहा कुठे मिळतोय ते बघत असू.

यंदा उन्हाळ्यात त्याच्या मुलीचं लग्न ठरलं. त्याची बायको, आमच्या वहिनी, घरी आल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, आंडेरनी पाठवणीले तेस्ना सूर वाजाडज्यात.” त्यांनी तो सूर स्वतः कधी ऐकला नव्हता. बँडवाल्याची बायको लोकांच्या लग्नात कशाला जाईल? घरात तो पेटी उघडत नसे, तापीच्या काठावर जाऊन रियाज करायचा. मुलीच्या पाठवणीला बापाचा सूर, मी छाती ठोकून हो म्हणालो. मुलीला बापाचं एवढंच काय ते मिळणार होतं.

संध्याकाळी तालमीला बसलो तेव्हा कळलं, की तो सूर कुणालाच येत नाही. क्लॅरिनेटवाल्याने एक वाजवला. युफोनियमवाला म्हणाला, हा नव्हेच, आणि त्याने दुसराच काढला. माझा तिसरा होता आणि अर्थातच तोच बरोबर होता. ढोलवाल्याचा सुरांशी काडीचा संबंध नाही, तर त्याने चौथा गुणगुणला, तोही सगळ्यात मोठ्याने. क्लॅरिनेटवाल्याने आणि युफोनियमवाल्याने एकमेकांशी बोलणं टाकलं.

मग शूटिंगवाल्याकडे गेलो. त्याच्याकडे शेकडो पाठवण्या होत्या आणि प्रत्येकीवर सिनेमाचं गाणं चढवलेलं. बँडचा आवाज कचरा असतो, तो काढावाच लागतो, असं त्याने मला, ट्रम्पेटवाल्याला, तोंडावर समजावलं. तरी कोरीटच्या एका लग्नात आमच्या गड्याची, सॅक्सोफोनवाल्याची, बोटं स्वच्छ दिसत होती. क्लॅरिनेटवाला मोबाईल नाकाला लावून बसला आणि बोटं बघून बघून त्याने अर्धा सूर जुळवला. तेवढ्यात चित्रात आंदणाचं लोखंडी कपाट आलं. चौघे जण ते टेम्पोकडे नेत होते आणि कपाटाच्या आरशात शूटिंगवाला जांभई देताना दिसत होता. कपाट सरकलं तेव्हा आमचा गडी तोंड पुसत होता.

कपाटामागे काय वाजलं यावर आठवडाभर भांडणं झाली. शेवटी मी वडीलकीने निकाल दिला, की तिथे ज्याने त्याने आपापलं वाजवावं. सगळेच सूर जोरात वाजले तर चूक कुणाची ते कळणार नाही.

लग्न प्रकाशालाच झालं. नवरी गाडीत बसली आणि आम्ही सुरुवात केली. अर्धा सूर सुरेख गेला, बायकांचे पदर वर गेले. मग सुरात कपाट आलं. प्रत्येकाने आपापला सूर जीव तोडून काढला. नवरदेवाच्या काकांनी कानात बोटं घातली. ड्रायव्हरला वाटलं निघायची खूण झाली, त्याने हॉर्न दाबला. मान खाली घालून बसलेल्या नवरीने वर पाहिलं आणि ती मुंडावळ्या हलेपर्यंत हसत सुटली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वहिनी सरळ माझ्याकडे आल्या. खरा सूर कुणालाच सापडला नाही, माफ करा, असं मी कपाटासकट सगळं सांगितलं.

“खरा सूर कोनता?” त्या म्हणाल्या. “तेस्नी एक सूर दोनदा कव्हयच वाजाडा नही. नवरीनं तोंड दखेत, मंग वाजाडेत. घर ईसन माले सांगेत, आज नवरी घाबरेल व्हती, आज हासरी व्हती.”

म्हणजे दर नवरीचा सूर वेगळा होता, आणि आम्ही सगळेच बरोबर होतो. ढोलवालासुद्धा बरोबर होता, याचा मला जास्त राग आला. इतकी वर्षं हातभर अंतरावर उभा राहून मी एकच सूर ऐकत होतो.

“हिनं तोंड दखाले ते नहीत,” वहिनी म्हणाल्या. “आते तुम्हीच दखा. आनि परत वाजाडा.”

वऱ्हाडाला निघायची घाई होती. मी गाडीच्या काचेजवळ गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा वाजवायच्या आधी नवरीचं तोंड पाहिलं. तिचं हसू थांबलं होतं. नाक, कपाळ, सगळं त्याचंच. ती माझ्याकडे बघत वाट पाहत होती. माझे ओठ थरथरायला लागले, आणि थरथरत्या ओठांनी ट्रम्पेट वाजत नाही. तरी मी फुंकलं. काय वाजवलं ते आज विचाराल तर मला सांगता येणार नाही.