रिंग अडेपर्यंत

जिवतीची एक विद्यार्थिनी काल विचारायला आली, फिल्मच्या कॅमेऱ्याला पहिली लेन्स कोणती घेऊ. तिने आणलेल्या जुन्या लेन्सच्या चामडी डबीला कापराचा वास होता, आणि मला तसाच वास असलेलं चंद्रपुरातलं कॅमेऱ्यांचं दुकान आठवलं.

तेव्हा मी कोळसा खाणीत राबत होतो. बाबांनी थोरल्या भावाला शिकवलं, मला नाही. तो राग अजून गेलेला नाही. लेन्स घ्यायला गेलो त्या दिवशी मात्र ते सोबत होते.

"वाघासाठी लांबचीच घ्या, भाऊ," दुकानदार म्हणाला.

"वाघ काय माह्या घरी जेवाले येते? मले माणसं काढाची हायेत. साधी पन्नास एमएमची दाखवा, अन् भाव नीट सांगा!" मी म्हणालो.

तोवर बाबांनी लांबची लेन्स लावलेला कॅमेरा डोळ्याला लावून हातभर अंतरावरून माझ्यावर धरला होता. फोकसची रिंग अडेपर्यंत ते ती फिरवत राहिले.

"काऊन रे, तू साफ दिसून नाई राह्यला?"

"इतक्या जवळचं नाई दिसत त्याच्यातून," मी खेकसलो, कॅमेरा काढून घेतला आणि पुन्हा भाव करायला वळलो.

त्या विद्यार्थिनीला मी पन्नासचीच सांगितली. बाबा आता नाहीत. त्यांनी मला एवढा वेळ निरखून पाहिलं, ते त्या एकदाच.